रायभानचा टॉवेल

फेब्रुवारीतला पहिला रविवार, सकाळी अकरा. हजर: अध्यक्ष भाऊसाहेब, त्यांचा पुतण्या प्रथमेश, क्लबचे डॉक्टर, प्रशिक्षक बबन आणि इतिवृत्त लिहायला मी. गैरहजर: रायभान कोळेकर. बैठक त्याच्याविषयीच होती, म्हणून त्याला बोलावलं नव्हतं.

विषय एकच होता. रायभानने आता थांबावं की नाही.

आठवड्यापूर्वी राज्य स्पर्धा आमच्याच शहरात झाली होती आणि रायभान आपल्या माणसांसमोर उपांत्य फेरीत हरला होता. बॉक्सिंगमध्ये गुणांवर हरणं वेगळं आणि पंचाने मध्ये पडून लढत थांबवणं वेगळं. त्याची लढत दुसऱ्या फेरीत थांबवली. समोरचा पोरगा त्याच्या जवळजवळ निम्म्या वयाचा. निकाल लागल्यावर त्या पोराने वाकून रायभानच्या पायांना हात लावला. टाळ्या पडल्या. रायभानने पाय मागे घेतला.

"पाया पडला म्हंजी मी म्हातारा झालो व्हय?" हे त्याचं त्या संध्याकाळचं पहिलं वाक्य. डावा डोळा तोवर पूर्ण मिटला होता.

मी या क्लबची कार्यवाह. माझी मुलगी इथे बॉक्सिंग शिकायची. ती पुढे पुण्याला गेली, मी राहिले. मुकुंदवाडी स्टेशनच्या मागच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये चाव्या, चिकटपट्ट्या, रेल्वेची आरक्षणं आणि पाण्याच्या टँकरची पाळी हे सगळं कोणीतरी एका जागी लिहून ठेवायला हवं होतं. मला याद्या करायला आवडतात. काम झालं की त्यावर रेघ मारायची. रायभान याची थट्टा करायचा. शेडमध्ये शिरताना विचारायचा, "ताई, तुमच्या यादीत माझं मरण कितव्या नंबरला हाय? टँकरच्या आधी का नंतर?"

मी म्हणायचे, "टँकर आधी."

"मंग ठीक. मंग लई टाइम हाय."

तो सोयगावकडचा. घरची मेंढरं होती. वर्षातले काही महिने घर पाठीवर घेऊन फिरणारं कुटुंब. शाळेत तो अधूनमधून गेला आणि बॉक्सिंगचं पहिलं शिक्षण, त्याच्याच म्हणण्याप्रमाणे, मेंढ्यांकडून घेतलं. "मेंढा शिंगं खाली घालायच्या आदी मागचा पाय रोवतो. डोळ्यात काय बगता? डोळा खोटं बोलतो. पाय बगा." तो समोरच्याच्या चेहऱ्याकडे कधी पाहायचाच नाही. मान किंचित खाली, नजर जमिनीवर. नव्या प्रेक्षकाला वाटायचं हा घाबरलाय. समोरच्याचा मागचा पाय रोवला गेला की याचा डावा हात आधीच निघालेला असायचा. त्या एका डाव्या ठोशावर त्याने पंच्याहत्तर किलोच्या गटात इतकी वर्षं राज्यात नाव टिकवलं.

पण गल्लीतले लोक त्याला पैलवान म्हणायचे आणि ते त्याला अजिबात खपायचं नाही. किराणावाला म्हणाला, "पैलवान, तूप देऊ का?" की हा उलटा फिरून दुसऱ्या दुकानात जायचा. "पैलवान मातीत लोळतो. आपण उभ्याउभ्या मरतो," असं सुरेखाला, म्हणजे बायकोला, घरी येऊन सांगायचा. ती म्हणायची, "आन् तूप कुठंय?"

तो देवमाणूस नव्हता, हे लिहायला हवं. त्याच्याविषयी आता सगळे गोड बोलतात, म्हणून मुद्दाम लिहिते. त्याने आपला डावा ठोसा कोणालाही शिकवला नाही. बबन कितीदा म्हणाला, दादा, पोरींना तरी दाखव. तो म्हणायचा, "रिंगमधनं कायमचा उतरलो की दाखवीन." एकदा सरावात एका नव्या मुलाने त्याला सहज "काका" म्हटलं. रायभानने त्याला तीन फेऱ्या काका म्हणजे काय ते समजावलं. मुलगा पुन्हा आला नाही. मी बोलले, तर म्हणाला, "चुकलंच ताई." पण चेहरा चुकल्यासारखा नव्हता. कोच हो, असं कोणी सुचवलं की त्याचं उत्तर ठरलेलं: "कोच म्हंजी ज्याला कोणीच मारत नाय असा माणूस. मला नको."

आणि शाल. रायभानच्या खांद्यावर कोणी कधी शाल घालू शकलं नाही. सत्काराला तो यायचा, ट्रॅकसूट घालून, अगदी वेळेवर. नारळ घ्यायचा, गुच्छ घ्यायचा. पाहुणे शाल उघडून दोन्ही हात वर करून पुढे आले, की हा गुडघ्यात वाकून त्यांच्या काखेखालून पलीकडे. बाजूने येणारा हुक चुकवतात तसा. एका वर्षी एक वजनदार पाहुणे झोकात पुढे झाले आणि शाल माइकच्या दांड्याला घालून बसले. अख्खी शेड हसून लोळली. तोवर रायभानने नारळ रिंगच्या लोखंडी पायावर फोडून खोबरं वाटायला घेतलं होतं. पुढे पुढे लोक ते बघायलाच यायचे. शाल आणायची, त्याने चुकवायची, टाळ्या.

मी एकदा कारण विचारलं.

"आमच्यात खांद्यावर घोंगडी असती ताई. आपल्या हातानं घ्यायची, आपल्या हातानं ठिवायची. शाल दुसरंच कोणी टाकतं. मेलेल्यावर टाकतात, नायतर रिटायर झालेल्यावर."

आता टॉवेलचं. आमचा क्लब यासीन उस्तादांनी सुरू केला. मूळचे खुलताबादचे, बारीक, पांढरी दाढी, आवाज मात्र शेडचे पत्रे हलवणारा. त्यांचा एक नियम होता आणि तो अजून कोणी मोडलेला नाही. लढतीआधी खेळाडूने आपला टॉवेल आपल्या हाताने रिंगच्या कोपऱ्यातल्या आपल्या एका माणसाला द्यायचा. मग त्या टॉवेलला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. पाणी पाजायला नाही, घाम पुसायला नाही. लढत सोडायची वेळ आली तर तो टॉवेल रिंगमध्ये फेकायचा अधिकार त्या एकाचाच. खेळाडूने भांडायचं नाही, मागाहून विचारायचंही नाही. "टॉवेल दिया, मतलब जान दी," उस्ताद म्हणायचे. रायभानने इतकी वर्षं टॉवेल त्यांनाच दिला आणि त्यांनी तो एकदाच फेकला, रायभान नवखा असताना. तेव्हा तो रडला होता आणि गप्प बसला होता.

तीन वर्षांपूर्वी उस्तादांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, डाव्या हातातही जोर राहिला नाही. मुलगा त्यांना खुलताबादला घेऊन गेला. त्यानंतर रायभानने टॉवेल कोणालाच दिला नाही. यायचा, टॉवेल कोपऱ्यातल्या खांबाला गाठ मारून बांधायचा आणि उतरायचा. बबन बाटली घेऊन नुसता उभा. त्यामुळे उपांत्य फेरीत त्याला एकामागून एक ठोसे बसत होते तेव्हा टॉवेल खांबालाच होता. सगळ्यांनी बबनला धारेवर धरलं. बबनचं एकच म्हणणं, "माझ्या हातात दिला होता का? नाय ना? मंग?" आमच्याकडे हे उत्तर पुरेसं मानतात.

तर ती बैठक. डॉक्टरांनी थोडक्यात सांगितलं. डाव्या डोळ्याच्या आतला पडदा फाटू लागलाय. लेझरने कडा चिकटवल्या आहेत. विश्रांती घेतली तर डोळा राहील. पुन्हा तिथे ठोसा बसला तर जाईल. कदाचित जाईल असं नाही, जाईल. त्यांनी हे रायभानला आणि सुरेखाला समोर बसवून सांगितलं होतं.

"मग प्रश्नच मिटला," भाऊसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज दुःखी होता, पण हात टेबलावर तबला वाजवत होता. "इतक्या वर्षांचा खेळाडू. त्याला असाच जाऊ द्यायचा नाही. जंगी सत्कार करू."

आमच्या शहरात कोणाला काढत नाहीत, त्याचा सत्कार करतात. प्रथमेश खाली मान घालून मोबाइल बघत होता. तोही पंच्याहत्तर किलोतच खेळायचा. मेहनती होता, वाईट नव्हता. पण जिल्ह्याच्या संघात त्या वजनाला एकच जागा असते आणि ती इतकी वर्षं अडलेली होती.

मी म्हणाले, "आधी रायभानला विचारू या." इतिवृत्तात तसं आहे. भाऊसाहेब म्हणाले, "विचारू ना. मी स्वतः बोलतो."

ते बोलायच्या आत फ्लेक्स लागला. मुकुंदवाडीच्या चौकात, रिक्षा स्टँडच्या वर. निवृत्तीनिमित्त भव्य नागरी सत्कार. मध्ये भाऊसाहेब हात जोडून, उजवीकडे प्रथमेश ठोसा उगारून, आणि कोपऱ्यात एका गोलात रायभान, ओळखपत्राच्या फोटोतला. तो चिकलठाण्याच्या एका कारखान्यात गेटवर होता. खेळाडू म्हणून नोकरी लागलेली, पुढे कारखान्याने संघ बंद केला आणि याला खुर्ची देऊन गेटवर बसवलं. रात्रपाळी करून सकाळी सायकलवरून घरी येताना त्याने तो फ्लेक्स पाहिला. तसाच माझ्याकडे आला.

"ताई, मी रिटायर झालो ते तुमाला ठाव होतं का? मला तर चौकात कळलं."

"रायभान, फ्लेक्स चुकीचा आहे. पण डॉक्टर बरोबर आहेत. डोळा जाईल रे."

"डॉक्टर बरोबरच हाय. मी कुठं नाय म्हणलो?" तो उंबऱ्यावरच बसला. "मी ठरीवलंच होतं. सुरेखाला सांगितलं बी होतं, की बास. आता मला सांगा, मी हरलो म्हणून थांबायचं, का त्यांना जागा पायजे म्हणून थांबायचं?"

"डोळ्यासाठी थांबायचं."

"ते तुमी म्हणता. फ्लेक्सवर डोळ्याचं काय नाय."

मी त्याला चहा दिला. तो न पिताच गेला. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे: त्याने त्या दिवशी थांबायला हवं होतं. पण थांब म्हणणाऱ्यांत ज्यांचा आवाज मोठा होता त्यांचा त्यात काहीतरी हिशोब होता, आणि ज्यांचा नव्हता त्यांचा आवाज चहाच्या कपापलीकडे गेला नाही.

सत्कार झाला. तो आला, ट्रॅकसूटमध्ये, वेळेवर. डाव्या डोळ्याखाली अजून पिवळं होतं. भाऊसाहेबांचं भाषण लांबलं. त्यात रायभान थोडा आणि भाऊसाहेब पुष्कळ होते. मग शाल. ती आली आणि तो वाकून सुटला. लोक हसले. याचसाठी तर आले होते. पण या वेळी त्याने नारळ घेतला नाही, माइक घेतला.

"थांबायचं मला बी कळतं," तो म्हणाला. "ज्या दिवशी थांबीन त्या दिवशी फ्लेक्स लागणार नाय. पुढच्या महिन्यात जिल्ह्याची निवड चाचणी हाय. माझं नाव टाका. ज्याला जागा पायजे त्यानं येऊन घ्यावी."

टाळ्यांनी शेड दणाणली. सुरेखा बायकांत बसली होती. तिने पदर तोंडाला लावला नाही, रडली नाही. माझ्याकडे बघून फक्त म्हणाली, "बगा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता गेला ह्यो."

पुन्हा बैठक. हजर तेच. आता माझी अपेक्षा होती की भाऊसाहेब डॉक्टरांचं मत पुढे करून त्याचं नाव कापतील. पण मधल्या दिवसांत हिशोब बदलला होता. गावभर बोललं जात होतं की पुतण्यासाठी रायभानला बसवतायत. जागा नुसती रिकामी होऊन मिळाली तर प्रथमेशला जन्मभर तेच ऐकावं लागलं असतं.

"उतरू द्या," भाऊसाहेब म्हणाले. "आपण कोण अडवणार? प्रौढ माणूस आहे. त्याच्या जबाबदारीवर उतरतोय, तेवढं लिहून घ्या."

"डोळा जाईल," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही सांगितलंय त्याला. आपलं कर्तव्य झालं. आणि आपलं पोरगं लवकर संपवेल, फार मार बसू देणार नाही. काय रे प्रथमेश?"

प्रथमेश म्हणाला, "मला नाय लढायचं त्यांच्याशी काका."

"तुला कोणी विचारलं नाही."

ठराव मंजूर. विरोध: डॉक्टर आणि मी. डॉक्टरांनी त्याच दिवशी क्लबचं काम सोडलं. चाचणीच्या दिवशी तपासायला भाऊसाहेबांच्या ओळखीचे दुसरे कोणी आले. त्यांनी रक्तदाब पाहिला, जीभ पाहिली आणि सही केली.

त्याआधी आम्ही खुलताबादला गेलो. कल्पना सुरेखाची. तिचं गणित साधं होतं: हा जगात एकाच माणसाचं ऐकतो. गाडी माझी. रायभान पुढे, सुरेखा मागे, तिच्या मांडीवर दौलताबादला घेतलेल्या पेरूंची पिशवी. घाटात तो म्हणाला, "ताई, वळणावर हॉर्न द्या, मला डावीकडचं नीट दिसत नाय." सुरेखाने पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

उस्ताद ओसरीवर खाटेवर होते. अर्धं तोंड वाकडं, दाढी तशीच स्वच्छ. त्यांनी रायभानला पायाशी बसवलं, डाव्या हाताने हळूहळू त्याचा उजवा डोळा झाकला आणि सुरेखाकडे मान हलवून विचारलं, "साडी कौन से रंग की हय?"

"हिरवी," रायभान म्हणाला.

"सकाळपासून बगतोय की मला," सुरेखा म्हणाली. "त्यात काय इचारायचं? पेरू किती हायेत ते इचारा."

उस्तादांचं अर्धं तोंड हसलं. रायभान नाही हसला. उस्तादांनी हात काढला. "बैठ जा बेटा," ते म्हणाले. शब्द जड, एकेक वेगळा. "बस हो गया. मेरेकू मालूम, वो लोगां गलत हैं। फिर भी बैठ जा।"

सुरेखाने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झालं काम. मनातल्या यादीत मी रेघही मारली.

रायभानने पिशवीतून टॉवेल काढला. पांढरा, कडेला निळी पट्टी, धुऊन धुऊन पातळ झालेला. दोन्ही हातांनी उस्तादांपुढे धरला.

"बसतो उस्ताद. पण ही एक. तुमी माझ्या कोपऱ्यात बसा. टॉवेल तुमच्या हातात. तुमी फेकला की मी बसलो. पुन्यांदा हात उचलणार नाय. शपथ."

आत कोणीतरी भांडी घासत होतं. मग त्यांनी डावा हात पुढे केला. "मैं फेंकूंगा. याद रख. पयलेच मार पे फेंकूंगा."

"फेका," रायभान म्हणाला.

परत येताना सुरेखा खुशीत होती. तिने मला पेरू कापून दिला, वर तिखटमीठ. मीही खुशीत होते. उस्ताद फेकणार म्हणजे फेकणार. ज्या हाताने ते डोळ्यापर्यंत जेमतेम पोचले, तो हात मी पाहिला होता. सुरेखाने पाहिला होता. रायभाननेही पाहिला होता. तरी त्या घाटात आमच्यापैकी कोणाच्याही तोंडून एक शब्द निघाला नाही. टॉवेल योग्य माणसाकडे गेला, एवढंच डोक्यात होतं.

निवड चाचणी. रविवार, दुपार. हजर: शेडमध्ये मावतील तितके. उस्तादांना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं, नवी टोपी, टॉवेल डाव्या हातात. बबन बाटली घेऊन. मी घंटेच्या टेबलावर, कोपऱ्यापासून दोन हातांवर. सुरेखा तिसऱ्या रांगेत. पंच बाहेरून आलेले होते आणि चांगले होते, हेही नोंदवते.

पहिल्या फेरीत रायभान पायांवर नजर ठेवून खेळला. प्रथमेशचा मागचा पाय रोवला की याचा डावा. पुन्हा रोवला की पुन्हा डावा. पोरं ओरडत होती, "दादा! दादा!" फेरी संपली तेव्हा प्रथमेशच्या नाकातून रक्त येत होतं आणि भाऊसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता.

दुसऱ्या फेरीत प्रथमेशला कळलं. कोणी सांगितलं की आपोआप कळलं, देव जाणे. तो याच्या डाव्या अंगाला फिरू लागला. तिकडून येणारं रायभानला दिसत नव्हतं; ठोसा बसल्यावरच तो तिकडे वळत होता. पहिला बसला. मी उस्तादांकडे पाहिलं. त्यांनी हात उचलला होता. टॉवेल त्यांच्या गुडघ्यांपासून वीतभर वर गेला आणि त्यांच्याच मांडीवर पडला. त्यांनी बोटांनी चाचपून तो पुन्हा मुठीत घेतला, पुन्हा उचलला. या वेळी तो मांडीवरून घसरून पायाशी पडला. त्यांच्या तोंडातून आवाज येत होता, पण त्या गोंगाटात तो कुठे ऐकू जाणार? बबन अगदी शेजारी उभा होता. त्याने टॉवेल पाहिला. त्याच्या हातात बाटली होती, दुसरा हात रिकामा होता. तो वाकला नाही. दुसऱ्याच्या टॉवेलला हात लावायचा नसतो. कोपऱ्यामागे आमच्या क्लबची डझनभर पोरंपोरी होती. सगळ्यांनी पाहिलं, कोणी वाकलं नाही. आणखी दोन ठोसे डाव्या बाजूला बसले. मग माझ्या घड्याळाप्रमाणे वेळ झाली आणि मी घंटा दिली.

रायभान कोपऱ्यात आला. स्टुलावर बसायच्या आधी त्याला पायाशी टॉवेल दिसला. तो क्षणभर थांबला. मग दोन्ही ग्लव्हजमध्ये धरून त्याने तो उचलला.

"मैं फेंका था, बेटा," उस्ताद म्हणाले. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. "दो बार फेंका."

रायभानने टॉवेल त्यांच्या मांडीवर ठेवला आणि ग्लव्हजनेच त्यांची बोटं त्यावर दाबली.

"पोचला नाय, उस्ताद," तो म्हणाला.

तिसरी फेरी तो जिंकला. कशी, ते मला सांगता येणार नाही; मी तेव्हा घड्याळ सोडून काहीच बघत नव्हते. बबन सांगतो, तो शेवटी शेवटी डोळे मिटूनच खेळत होता आणि प्रथमेशच्या पायांच्या आवाजावर मारत होता. मला हे खरं वाटत नाही, पण शेडमधली पोरं आता हेच सांगतात. पंचाने रायभानचा हात वर केला. शेड फुटायची बाकी राहिली.

भाऊसाहेब हुशार माणूस. पुतण्यासाठी आणलेली शाल हातात होती, ती तशीच घेऊन ते हसत रिंगमध्ये चढले. रायभान दोरांना टेकून उभा. ते त्याच्या डाव्या बाजूने आले. शाल उघडली, हात वर केले. लोकांनी आधीच हसायला सुरुवात केली, आता हा वाकणार. पोरांनी शिट्ट्या घातल्या.

तो वाकला नाही.

शाल त्याच्या खांद्यांवर पडली, नीट, दोन्हीकडे सारखी. अंगाला कापड लागल्यावर तो दचकला आणि मान वळवून शोधू लागला, हे कोणी केलं. लोकांना वाटलं, मोठ्या मनाने घेतली. टाळ्या दुप्पट झाल्या. तिसऱ्या रांगेत सुरेखा उठून उभी राहिली. तिला सगळ्यांच्या आधी कळलं.

पुढचं थोडक्यात. डोळ्याचं ऑपरेशन झालं, दृष्टी आली नाही. पुढच्या राज्य स्पर्धेला रायभानच्या जागी राखीव म्हणून प्रथमेश गेला आणि पहिल्याच लढतीत हरून आला. म्हणजे पहिल्या बैठकीत ठरलं होतं तसंच सगळं झालं, फक्त मध्ये एक डोळा गेला. प्रथमेश आता खेळत नाही. एकदा रायभानच्या घरी जाऊन बसून आला. दोघं काय बोलले माहीत नाही. सुरेखा म्हणते, "हरला असता तर शिव्या खाल्ल्या असत्या आन् घरी बसला असता. जिंकला म्हणून कोणाला काय बोलता बी येत नाय." लोक त्याला अजून भेटायला येतात. जाताना सांगतात, पैलवान, काय लढलात. तो आता दुरुस्त करत नाही.

शेवटचं मी त्याला पाहिलं ते मागच्या आठवड्यात, कारखान्याच्या गेटवर. खुर्ची अशी लावलेली की रस्ता त्याच्या उजव्या हाताला येतो. आम्ही सगळेच आता त्याच्या उजवीकडून जातो. कोणी ठरवलं नाही, सवय पडली. ट्रक आत जात होते आणि तो चाकांकडे बघत होता, ड्रायव्हरच्या तोंडाकडे नाही.

"ताई, यादीत काय राह्यलं?" त्याने विचारलं.

"तुझा टॉवेल. खुलताबादला आहे."

उस्तादांनी तो दिलेला नाही. मुलगा सांगतो, झोपेतही मुठीत असतो. त्यांचं म्हणणं, मी फेकला, त्याच वेळी लढत संपली, पुढचं मला मान्य नाही. रायभानचं नाव काढलं तर तोंड फिरवतात. तो दोनदा भेटायला गेला, दोन्ही वेळा ओसरीवरूनच परत आला.

"मी जाऊन मागते," मी म्हणाले. "मला देतील."

रायभानने एका ट्रकला हात दाखवून आत सोडलं.

"नको ताई. तुमी आणला तर मला घ्यावा लागंल." मग थोडं थांबून म्हणाला, "आन् मी घेतला तर त्यांनी फेकलेला पोचला म्हणायचं, लढत तिथंच सुटली म्हणायचं."

त्याची पाळी संपायला वेळ होता.

या आठवड्याची यादी: टँकरची पाळी बदलणे, झाले. शेडचा पत्रा, झाला. चौकातला जुना फ्लेक्स काढणे, झाले. खुलताबाद, टॉवेल.